गाडीचा एसी, आईची ग्लानी आणि गॅस भरायची घाई

मे महिन्यातली दुपार. जळगावहून धुळ्याला एका लग्नाला निघालो होतो. मागच्या सीटवर ७४ वर्षांची आई. एरंडोल सोडलं आणि एसीतून गरम हवा यायला लागली. पंखा चालू होता, पण बटण दाबल्यावर बोनेटखालून येणारा ओळखीचा ‘टक्’ आवाज येत नव्हता. म्हणजे कॉम्प्रेसर लागत नव्हता.

मी काचा उघडल्या आणि गाडी तशीच पुढे दामटली. माझी चूक इथेच झाली. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गरम असली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट भर घालतो. मग उरतो फक्त घाम. तो वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं. उतारवयात घामही कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. त्यात आईला ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती.

पारोळ्याजवळ मी विचारलं, “आई, पाणी हवंय का?”

ती म्हणाली, “जळगाव आलं का रे?”

माझ्या छातीत धस्स झालं. तिला लगेच पारोळ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. ताप ३९ अंश होता. ओली फडकी, पंखा आणि सलाईन सुरू केलं. तासाभरात ती नीट बोलू लागली.

संध्याकाळी गाडी मेकॅनिकला दाखवली. त्याने आधी फ्यूज पाहिला, हॉर्नचा रिले काढून एसीच्या जागी लावून पाहिला, मग गॅसचं प्रेशर मोजलं. ते फार कमी होतं.

“अहो, महिन्यापूर्वीच गॅस भरलाय!” मी म्हणालो.

“डॉक्टरसाहेब, गॅस काही पेट्रोल नाही जळून संपायला. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय.”

“मग तात्पुरती वायर डायरेक्ट जोडून दे.”

“नाही जमणार. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर बंद ठेवतो. तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नसताना चालवला तर कॉम्प्रेसर जाम होईल.”

मी ओशाळलो. “डॉक्टर, थकवा आलाय, एक सलाईन लावून द्या,” असं म्हणणाऱ्या पेशंटला मी रोज हेच समजावतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसतं रक्त भरून भागत नाही. मूळव्याध, पाळीतला जास्त रक्तस्राव, दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात झालेली जखम, अशी ‘गळती’ आहे का, ते शोधावं लागतं.

वाचकहो, उन्हाळ्यात एवढं लक्षात ठेवा:

१. गाडीचा एसी बंद पडला तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना घेऊन भर दुपारी पुढे जाऊ नका. सावलीत थांबा, ऊन उतरू द्या.

२. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला.

३. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

४. तापाची गोळी देत बसू नका. उष्माघातात तिचा उपयोग होत नाही.

५. ब्लडप्रेशरच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्यात डोस बदलायचा का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

लग्न हुकलं. आई अजून ऐकवते, “तुझ्या गाडीपायी माझी जेवणाची पंगत गेली!” तिने ते ऐकवावं, मला ते हवंच आहे.