मागच्या बाकावरचे मत

जुनी गाडी विकत घेणे हे स्थळ पाहायला जाण्यासारखेच आहे. त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी गोडच बोलतात. खरे स्वभाव पुढे संसारात कळतात. आयुष्यात मी दोनदाच जुनी गाडी पारखायला गेलो. एकदा १९८४ साली पुण्यात, स्वतःसाठी. आणि दुसऱ्यांदा २०२३ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आमच्या चिरंजिवांसाठी. पहिल्या वेळी मी फसलो. दुसऱ्या वेळी फसलो नाही, पण त्याचे श्रेय माझे नव्हे.

पुण्यातल्या गाडीचे मालक मोठे अगत्यशील होते. "चला, एक फेरी मारून येऊ," म्हणाले आणि त्यांनी गाडी थेट जंगली महाराज रस्त्यावर घातली. पुणेकरांना अधिक सांगायला नको. १९७६ साली झालेल्या या रस्त्याचा लौकिकच असा, की कित्येक पावसाळे गेले तरी त्याला खड्डा पडला नाही. तिथे बैलगाडीदेखील लोण्यावरून गेल्यासारखी चालली असती! मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात गाडीची पूजासुद्धा उरकली होती. मागे माझे वडील, अण्णा, बसले होते. उतरल्यावर ते म्हणाले, "गाडी मागून डुलते रे. आणि ब्रेक लावलास की डावीकडे जाते."

"अण्णा, तुम्हाला सायकलची सवय!" मी म्हणालो. गाडीचे मालक हसले. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत.

महिन्याभरातच खंबाटकीच्या घाटात, उतारावर, ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन कठड्याला घासत थांबली. आत आम्ही पाचजण होतो. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. अण्णा सावकाश उतरले, कठड्यापलीकडे एकदा डोकावले आणि "इथं चहा कुठं मिळेल?" एवढेच त्यांनी विचारले. नंतर जन्मात कधी त्यांनी तो विषय काढला नाही. दोन शब्द रागावले असते, तर मला हलके वाटले असते.

आता ओहायोची गोष्ट. तिकडे मोटरहोम म्हणून एक वाहन असते. ट्रकच्या सांगाड्यावर अख्खे बिऱ्हाड चढवलेले : शेगडी, मोरी, बिछाने, न्हाणीघर, सगळे. नवे घ्यायचे तर घराएवढे पैसे पडतात, म्हणून बरेच लोक वापरलेले शोधतात. चिरंजिवांच्या मनात आले, की आम्हा दोघांना, सूनबाईंना आणि दोन्ही नातवंडांना घेऊन यलोस्टोनला जायचे. जाऊन-येऊन साडेपाच हजार किलोमीटरचा पल्ला! हिच्या कमरेचे दुखणे जुने. पण आई-बाबांना देश दाखवायचा, या हौसेपुढे मुलाला ते आठवले नाही, आणि हिने आठवण करून दिली नाही.

एका खेडेगावातल्या वृद्ध गृहस्थांकडे तसली गाडी होती. तीस फूट लांब, आरशासारखी स्वच्छ. हिने कपाटे उघडून पाहिली, मोरीचा नळ सोडून पाहिला. चिरंजीव तर पाहताक्षणीच विरघळले. मी मात्र या खेपेला वहीत यादी करून नेली होती.

पहिले टायर पाहिले. नक्षी नव्यासारखी होती. पण तिकडच्या टायरवर एक लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे टायरचा जन्म सांगतात. इथे २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचे टायर! अशा गाड्या वर्षातून बरेच महिने उभ्याच असतात. नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारे होते. म्हणजे सहाही टायर बदलण्याचा खर्च धरायला हवा. दुसरे, पाण्याची टाकी भरायला लावली. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. रिकामी गाडी आपला खरा स्वभाव सांगत नाही. तिसरे, कुठल्या रस्त्याने जायचे ते आम्ही ठरवणार, विकणारा नव्हे. हे कलम कुठून आले, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

चिरंजीव चालवायला बसले, मी शेजारी. गाडीचे मालक आमच्या मागच्या आसनावर, आणि ही अगदी शेवटच्या बाकावर, पट्टा बांधून. गावातल्या वळणावर कळले, की गाडी उजवीकडे वळवली की तिचे शेपूट डावीकडे झुकते. कुणाची तरी टपालपेटी थोडक्यात वाचली. मग रेल्वेचे फाटक लागले. रूळ ओलांडल्यावर गाडी एकदा खालीवर होऊन स्थिर झाली. दोनतीनदा डुलत राहिली असती, तर शॉकअब्सॉर्बर संपले असे समजायचे. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून पाहिला. मी श्वास रोखून धरला होता. गाडी नाकासमोर थांबली.

शेवटी हमरस्ता. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात शेजारून मोठा ट्रक गेला, की त्याची हवा अशा उंच गाडीला आधी बाजूला ढकलते आणि मग ट्रककडे ओढते. तेव्हा चालवणाऱ्याचे हात पाहावेत. चिरंजिवांना स्टिअरिंग थोडे सावरावे लागत होते. पण स्टिअरिंगला प्ले नव्हता आणि हातही घट्ट आवळलेले नव्हते.

"बाबा, कशी वाटते?" त्याने विचारले. मी "उत्तम" म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला, "अहो, पुढं काय आहे मला ठाऊक नाही, पण इथं मी सुपातल्या धान्यासारखी उडतेय!"

"आई, तुझी कंबर आपल्या मोटारीतही दुखतेच की!" चिरंजीव हसून म्हणाले. गाडीचे मालक भाषा न समजताही हसले.

मला हसू आले नाही. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे माझेच वाक्य मी ऐकत होतो.

"गाडी बाजूला घे," मी म्हणालो. "आता यांना चालवू दे. तू आईच्या शेजारी मागे बस."

तो नाराज झाला, पण बसला. त्याच रस्त्याने, त्याच फाटकावरून आम्ही परतलो. या वेळी फाटकावर मागून दोन आवाज आले : एक बाकाचा, एक चिरंजिवांचा! उतरल्यावर काही न बोलता त्याने टेप काढून मापे घेतली. लांबी तीस फूट आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जेमतेम पंधरा. म्हणजे मागच्या चाकांपलीकडे बराच भाग नुसता लोंबत होता आणि शेवटचा बाक नेमका त्या टोकाला. फळीच्या टोकावर बसलेले मूल जास्त उडते, तसाच प्रकार. गाडीत बिघाड नव्हता, आणि नवे टायर घालून हे गेले नसते.

चिरंजिवांनी मालकांना सरळ विचारले. त्यांनी आम्हाला फसवले नव्हते. ते म्हणाले, "आम्ही दोघंच फिरायचो. ती नेहमी माझ्या शेजारी बसायची. मागे कधी कुणी बसलंच नाही." आता ती नाही, हे त्यांनी सांगितले नाही, दाराशी एकच पेला वाळत होता, तो आम्ही पाहिला होता. दोघांच्या संसाराला ती गाडी फार चांगली होती. आमचा सहाजणांचा होता.

परतताना मोटारीत कुणी बोलले नाही. मुलाच्या हौसेवर आपण पाणी ओतले, असे हिला वाटत होते. पण महिन्याभराने दुसरी गाडी पाहायला गेलो, तेव्हा चिरंजीव आधी जाऊन मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "बाबा, मालकांना सांगा, रेल्वेच्या रुळांवरून न्या." ती गाडी सव्वीस फुटांची, मागची चाके बरीच मागे असलेली. ती घेतली.

यलोस्टोनच्या वाटेवर पहिला मुक्काम पडला. इंजिन बंद करून चिरंजीव मागे वळले आणि त्यांनी विचारले, "आई, मागं कसं वाटलं?"

हाच प्रश्न मी खंबाटकीला निघण्यापूर्वी अण्णांना विचारायला हवा होता.