एलियटची यादी

धारवाड-हुबळीकडच्या जुन्या मराठी कुटुंबांत ‘दक्षिण मराठा देश’ या तीन शब्दांविषयी एक विशेष ममत्व असे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखाला दफ्तरी हे नाव दिले आणि ते दीर्घकाळ टिकले. १८८२ साली स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीने तेच उचलले. १९०८ मध्ये कंपनीच्या नावात मद्रासची भर पडली, तरी ‘सदर्न महरट्टा’ हे शब्द कायम राहिले, ते १९५१ साली दक्षिण रेल्वे अस्तित्वात येईपर्यंत. माझे आजोबा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात कारकून होते. कंपनीचे नाव त्यांच्या तोंडून येई ते एखादी सनद वाचून दाखवावी तसे. साहेबानेच लिहून ठेवले आहे की हा देश मराठ्यांचा. आणखी पुरावा कशाला हवा, असा त्यांचा सूर असे. १९५६ साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तो सूर आमच्या घरात अधिकच चढला. मी त्याच सुरात वाढलो.

त्यामुळे ‘दक्षिण मराठा देशात आढळणाऱ्या सस्तन प्राण्यांची सूची’ अशा अर्थाचा एक इंग्रजी लेख १८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत आला होता, हे कळताच मी तो मिळवून वाचला, यात नवल नाही. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. मला ओढ होती ती शीर्षकाची. लेखकाचे नाव वॉल्टर एलियट.

हा स्कॉटलंडचा. जन्म १८०३ सालचा, एडिंबरोचा. कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयात शिकून तो मद्रास इलाख्यात आला आणि १८२३ मध्ये धारवाडला मुख्य कलेक्टर थॅकरे याचा साहाय्यक झाला. हा सेंट जॉन थॅकरे म्हणजे सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराचा चुलता. पुढचे वर्ष कित्तूरचे. तेथील देसाई निपुत्रिक वारला, त्याचे दत्तविधान थॅकरेने मानले नाही आणि खजिन्यावर पहारे बसवले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याचे दरवाजे उघडण्यासाठी त्याने तोफा लावल्या, तेव्हा राणी चन्नम्माचे शिबंदीलोक बाहेर पडून तुटून पडले. थॅकरे मारला गेला. एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोघे तरुण अधिकारी कैद झाले. एलियटचे वय त्या वेळी अवघे एकवीस. सुमारे सहा आठवडे तो कित्तूरकरांच्या ताब्यात होता, आणि त्यांनी त्याला जिवंत परत केले. डिसेंबरच्या आरंभी इंग्रजांनी किल्ला घेतला. राणीची रवानगी बैलहोंगलच्या किल्ल्यात झाली. तेथेच ती १८२९ मध्ये निवर्तली. एकाने सोडले आणि दुसऱ्याने डांबून ठेवले, हा हिशेब येथे लिहून ठेवण्याजोगा आहे. कारण पुढे एलियटविषयी जे बरे म्हणायचे आहे ते म्हणताना त्याचा विसर पडू नये.

अशा अनुभवानंतर माणसाने बदली मागावी. एलियटने उलट केले. हा मुलूख मुंबई इलाख्याकडे सोपवला गेला, तेव्हा नियमाप्रमाणे त्याने मद्रासकडे परत जावयाचे होते. परंतु गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या शब्दावरून तो येथेच राहिला, तो १८३३ पर्यंत. या दहा वर्षांत तो फिरतीवर असताना देवळांच्या भिंतींवरचे आणि शेतांतून उभे असलेले शिलालेख उतरवून घेऊ लागला. हळेगन्नड लिपी त्याला वाचून दाखविली ती येथल्या पंडितांनी. अशा जवळजवळ सहाशे नकला जमल्या. त्यांच्या आधारे १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने जो निबंध छापला, त्यात चालुक्य, कलचुरी, होयसळ आणि देवगिरीचे यादव यांच्या वंशावळी प्रथमच काहीशा सुसंगतपणे मांडल्या गेल्या. पुढे डॉ. फ्लीट यांनी त्या नकलांतील चुका दाखविल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु आपण मराठी माणसे ज्या यादवांना आपले म्हणून मिरवतो, त्यांच्या इतिहासाचे किती दगड धारवाडकडच्या कन्नड शिलालेखांतून निघाले आहेत, हे आमच्या घरात कधी कोणी सांगितले नव्हते.

आता यादीकडे वळतो.

वाघ, अस्वल, लांडगे, काळवीट यांच्याविषयी एलियट लिहितो ते शिकाऱ्याच्या अनुभवाने. रानकुत्र्याबद्दल त्याची एक नोंद लक्षात राहते : हा प्राणी अलीकडच्या वर्षांपूर्वी या देशात कोणाला ठाऊक नव्हता, आता मात्र फार झाला आहे, असे तो म्हणतो. (याच प्राण्याला पुण्याकडच्या कर्नल साइक्सने काही वर्षे आधी ‘दख्खनी’ असे शास्त्रीय विशेषण लावले होते, साहेब लोकांनाही प्रांताभिमान असतो.) पण यादीचा खरा जीव आहे तो उंदरांत. वाचकांना हसू येईल, परंतु उंदरांची ती पाने मी पुनःपुन्हा वाचली आहेत.

धारवाडच्या पूर्वेला नवलगुंद, गदग या बाजूची काळी जमीन ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली असेल त्यांना तिच्या भेगा ठाऊक आहेत. हात कोपरापर्यंत आत जावा एवढ्या त्या रुंदावतात. एलियट सांगतो की शेतातला एक मऊ केसांचा लहान उंदीर स्वतःचे बीळ असे धड खणतच नाही. झुडपाच्या मुळाशी जेमतेम एक भोक करतो, नाहीतर बांधावर टाकलेल्या दगडांच्या ढिगात, दुसऱ्या उंदराने सोडलेल्या बिळात, किंवा या भेगांतच पाच-सहा जणांचे कुटुंब करून राहतो. मृगाचा पाऊस आला की भेगा मिटतात आणि त्यांत हजारो उंदीर गाडले जातात. दरवर्षी असे होते म्हणून पिके वाचतात. परंतु १८२६ साली पाऊस फारच कमी झाला. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर मेले नाहीत, आणि ते इतके माजले की पेरलेले बी त्यांनी जमिनीतूनच खाल्ले. उरलेले पीक उभे राहिले तेव्हा जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसे तोडून खाली पाडली आणि निवांत खाल्ली. शेतेच्या शेते साफ झाली. रयतेला सारा भरता येईना.

हे शेवटचे वाक्य कलेक्टरच्या साहाय्यकाचे आहे, हे उघड आहे. साऱ्याची बाकी थकली म्हणून उंदीर नजरेत भरला. तरीही कागदावर ‘दुष्काळामुळे वसुली तहकूब’ एवढे लिहून थांबणारे अधिकारी पुष्कळ होते. भेगेत वाकून पाहणारा हा एक.

रयतेने मग वडारांना लावले. दगड फोडणारे, तळी खणणारे हे लोक. त्यांनी हजारोंनी उंदीर मारले, आणि तरी उंदरांची संख्या कमी झाल्याचे दिसेना. वडारांचे आणि उंदरांचे नाते एलियटने आणखी एका ठिकाणी नोंदले आहे. बिळात धान्य साठवणारी एक घुशीच्या जातीची चीज आहे, तिला कन्नडात ‘कोक’ म्हणतात. वडार तिला पकडून खातात आणि तिचे बीळ उकरून तिचे धान्यही घेतात. एकेका बिळात कधी अर्धा शेर धान्य निघते, जोंधळ्याची अख्खी कणसेसुद्धा. चांगल्या जागी वर्षाच्या त्या दिवसांत त्यांचा निर्वाह जवळजवळ याच धान्यावर चालतो, असे तो लिहितो. या घुशीला त्याने जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ ‘पुढची तरतूद करणारा’. ती तरतूद दुसऱ्याच कोणाच्या पोटात जात होती, हे त्याला ठाऊक होते. नाव ठेवताना तो मनाशी हसला असेल काय?

नावांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एलियटने आपले नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पाठविले. तेथील जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ मध्ये त्यांना शास्त्रीय नावे दिली, आणि ती देताना येथून आलेले स्थानिक शब्दच लॅटिन वेषात उभे केले. कन्नड ‘गुलंडी’चे ‘गोलुंडा’ झाले. त्या प्रजातीपुढे ‘एलियटी’ लागून आपल्या कलेक्टरसाहेबांचे नाव एका झुडपी उंदराला कायमचे चिकटले. ‘लेग्गडे’चे ‘लेग्गाडा’ झाले. ‘कोक’ तर जसाच्या तसा गेला. आणि भेगेत राहणाऱ्या त्या मऊ उंदराला वडार ‘मेट्टडे’ म्हणत. धारवाडच्या रानातून लंडनच्या छापखान्यापर्यंतच्या प्रवासात कोठेतरी एका टकाराचा लकार झाला आणि शास्त्रात तो ‘मेल्टाडा’ म्हणून दाखल झाला. आधी छापलेले नाव पुढे बदलायचे नाही, हा या शास्त्राचा दंडक. त्यामुळे आजही जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ त्याला ‘मिलार्डिया मेल्टाडा’ म्हणतात.

ही पाने वाचताना आजोबांची आठवण येणे अपरिहार्य होते. मथळ्यावर ‘मराठा देश’ असे ठसठशीत छापलेले. आणि आत, काळ्या जमिनीच्या पोटाशी उतरावे, तर तेथे कन्नड शब्द आणि वडारांचे शब्द, जे तेलुगूच्या वळणाचे. मथळा लिहिला राज्यकर्त्यांनी, मागच्या राज्यकर्त्यांच्या नावावरून. भेगेतल्या उंदराला नाव ठेवण्याचे काम मात्र ज्याला तो उंदीर मारायचा किंवा खायचा होता त्याने केले होते. हा विचार मला सुखाचा वाटला असे म्हणता येणार नाही. आमच्या पिढीने सीमाप्रश्नाच्या सभा ऐकल्या, त्यांत टाळ्या वाजविल्या. भाषेचा हक्क ही खोटी गोष्ट आहे असे मी आजही मानीत नाही. पण हक्काचा पुरावा म्हणून ते तीन शब्द पुढे करणे माझ्याकडून आता होत नाही. कन्नड अभ्यासक एलियटचे नाव कृतज्ञतेने घेतात, धारवाडात कन्नड शाळेसाठी त्याने पदरचा पैसा घातला असे सांगतात. दफ्तरात आणि शाळेत मराठीचा वरचष्मा असलेल्या त्या काळी, ‘मराठा देशा’च्या अधिकाऱ्याला गावोगाव हिंडून लोक कोणती भाषा बोलतात हे ऐकू आले होते, एवढाच त्याचा अर्थ.

एलियटचे पुढचे आयुष्य मोठ्या हुद्द्यांचे. मद्रासच्या गव्हर्नरचे चिटणीसपद, मग तेथील कौन्सिल. डार्विनने १८५६ मध्ये त्याला पत्र लिहून पाळीव पक्ष्यांची कातडी मागविली, आणि तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, कबुतरांच्या संदर्भात, त्याचे आभार मानले. अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पखंडही त्याने खणून मद्रासला आणले. ते पुढे लंडनला गेले आणि आज तेथेच आहेत. म्हातारपणी दृष्टी गेली, तरी स्कॉटलंडमधील आपल्या गावी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचीत तो दक्षिण भारताच्या नाण्यांवर ग्रंथ लिहीत राहिला. १ मार्च १८८७ रोजी तो वारला. त्याच सकाळी त्याने तमिळ पंडित डॉ. पोप यांना कुरळच्या आवृत्तीसंबंधी चिठ्ठी लिहवून घेतली होती.

मध्यंतरी आमच्या गल्लीत कुंपणाच्या दगडकामाला एक वृद्ध वडार येत असे. दुपारी तो सावलीला बसला असता मी त्याला ही सगळी हकीकत कन्नडात सांगितली, आणि विचारले, ‘‘अज्जा, मेट्टडे हा शब्द तुम्ही ऐकला आहे का?’’ त्याने मान हलविली. तो म्हणाला, त्याचे वडील उंदरांना काही वेगवेगळी नावे घेत, पण आता सगळ्यांना ‘इली’च म्हणतात. मग छिन्नी बाजूला ठेवून त्याने विचारले, ‘‘सर, त्या साहेबाने मजुरी किती लिहिली आहे?’’

मी आत जाऊन ते पान पुन्हा पाहिले. इतक्या डझनांना एक माप धान्य, असे तेथे आहे. किती डझन, ते एलियटने लिहिलेले नाही.