असणे आणि निवृत्त असणे

अस्तित्ववाद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पॅरिसमधला एखादा कॅफे उभा राहतो. टेबलावर काळी कॉफी, तोंडात पाइप आणि चेहऱ्यावर 'जगण्याला काही अर्थ नाही' असा भाव. मात्र खरा अस्तित्ववाद समजायला पॅरिस लागत नाही, सेवानिवृत्ती पुरते.

एकतीस वर्षं मी बँकेत हेडकॅशियर होतो. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (वेळ बघायची गरज संपली की घड्याळ देतात!) पुढच्याच आठवड्यात एक फॉर्म भरताना 'व्यवसाय' हा रकाना आला आणि पेन अडलं. मी आता कोण?

ॲरिस्टॉटलने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलंय. बासरीवाल्याचं काम बासरी वाजवणं, डोळ्याचं काम पाहणं. तसं माणसाचंही, निव्वळ माणूस म्हणून, एक ठरलेलं काम असतं. १९४५ साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात सार्त्रने हे गणित उलटं केलं. कागद कापायच्या सुरीचं काम कारागिराच्या डोक्यात आधी ठरतं आणि सुरी मागून होते. माणूस मात्र आधी असतो. तो कोण, हे त्याच्या करणीने मागून ठरतं. अस्तित्व आधी, सार नंतर! माझं बँकेने सार काढून घेतलं होतं आणि अस्तित्व तेवढं उरलं होतं. रस काढलेल्या उसाच्या चिपाडासारखं.

पण गंमत बघा, ग्रीकांना असं उलटं टांगणाऱ्या या मंडळींची उधारी ग्रीकांच्याच दुकानात. किर्केगार्ड हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याने १८४१ साली प्रबंध लिहिला तो सॉक्रेटिसला समोर ठेवून, उपरोधावर. नीत्शे चोविसाव्या वर्षी बाझलला प्राध्यापक झाला तो ग्रीक-लॅटिनचा. खुद्द सार्त्रला जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, १९४३ साली, स्वातंत्र्यावर नाटक लिहावंसं वाटलं, तेव्हा नायक म्हणून त्याने ग्रीकांचा ओरेस्टीसच उचलला.

यांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो सॉक्रेटिस. पुस्तक एक लिहिलं नाही. अथेन्सच्या बाजारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'बाबा रे, तू जगतोस ते कशासाठी?' असं विचारायचं, हाच उद्योग. इसवी सनापूर्वी ३९९ साली लोकांनी कंटाळून त्याला विषाची शिक्षा दिली. क्रिटो नावाच्या मित्राने तुरुंगातून पळून जायची सगळी व्यवस्था केली होती. हा गेला नाही. वय सत्तर. ज्या वयात आपण पेन्शनची तारीख मोजतो, त्या वयात तो आपण कोण हे ठरवत होता! आपल्या वतीने दुसरा कुणी जगून देत नाही, हा अस्तित्ववादाचा गाभा त्या नकारात आलाच.

हे सगळं मी रात्रीच्या जेवणानंतर सौभाग्यवतींना सांगत होतो. ओघात कामूचा सिसिफस आला. ग्रीक देवांनी त्याला शिक्षा दिली : धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा, तो गडगडत खाली येणार, की पुन्हा न्यायचा. कायमचं. १९४२ साली कामूने त्यावर पुस्तक लिहिलं आणि शेवटी सिसिफसला चक्क सुखी ठरवून टाकलं.

"सकाळी भांडी घासायची, संध्याकाळी पुन्हा तेवढीच," ही ओट्याकडे बघत म्हणाली, "छत्तीस वर्षं झाली. माझ्यावर नाही कुणी पुस्तक लिहिलं. आणि काय हो, तो सुखी आहे म्हणून सांगितलं, पण त्याला विचारलं होतं का कुणी?"

अडीच हजार वर्षांचं तत्त्वज्ञान एका प्रश्नात गप्प! सॉक्रेटिसने तिला शिष्या केलं असतं; किंवा तिने त्याला.

"तुला तरी कुणी विचारलं होतं का?" मी म्हणालो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाही. आता विचारा."

मी विचारलं. तिने काय सांगितलं ते आमच्या दोघांत राहू दे. त्या रात्रीपासून घासायचं काम तिचं आणि विसळून पुसायचं माझं. धोंडा रोज गडगडतो, रोज वर न्यावा लागतो. पण चढावर बोलायला कुणीतरी सोबत असतं. बिचाऱ्या सिसिफसची तेवढी सोय नव्हती.