कॉन्ट्राचा धबधबा

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तुमचे जुने गेम खरंच भारी होते का रे?" मी जोरात "हो" म्हणालो खरा, पण मग विचारात पडलो.

मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीला मामाकडे जायचो. मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. त्यात १९८८ चा 'कॉन्ट्रा'. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून! चित्रं म्हणजे नुसते ठोकळे. 'सुपर मारिओ' तर अख्खा ४० केबीत मावायचा. २०१९ साली संगणकावर आलेल्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला १५० जीबी जागा लागते, आणि त्यातले घोडे, डोंगर बघून मीही थक्क झालोय. तेव्हा जुनं ते सगळंच सोनं नव्हे.

पण कॉन्ट्रात धबधब्याची लेव्हल होती. दोघांत पडदा एकच. एकजण भराभर वर चढला की पडदाही वर सरकायचा आणि खाली राहिलेला मरायचा. दादा पट्टीचा खेळाडू, तरी प्रत्येक कड्यावर माझ्यासाठी थांबायचा. "ये सावकाश," म्हणायचा, आणि त्या नादात स्वतःच गोळी खायचा.

आता भाचा साताऱ्यातून आणि दादाचा मुलगा सांगलीतून, नेटवर एकत्र खेळतात. पडदे वेगळे, त्यामुळे कुणी कुणासाठी अडत नाही. सोय आहेच. पण थांबायला भाग पाडणारे खेळ आता कमीच.

असो. दिवाळीत सांगलीला जाऊन दोघांना एका टीव्हीपुढे बसवणार आहे.