धाम नदीच्या काठी गळ

'गळ' हा शब्द आम्ही वर्गात वीस वर्षे शिकवला आणि त्या वीस वर्षांत गळ एकदाही हातात धरला नाही. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. ती आम्ही कितीदा तरी वाचली, वाचून दाखवली. 84 दिवस मासा न मिळालेल्या त्या म्हाताऱ्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो. मासा म्हणजे ध्येय, दोरी म्हणजे नाते, समुद्र म्हणजे नियती, असे समीकरणही मांडून झाले. एके वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा हाताला काय कळतं?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. विचारणारा मुलगा ढिवराच्या घरचा होता, हे नंतर समजले. म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होते. आम्हांला ठाऊक आहे का, एवढेच त्याला पाहायचे असावे. त्या संध्याकाळी आम्ही त्याला शिकवण्याची विनंती केली. त्याने आम्हांला आपल्या आजोबांच्या स्वाधीन केले.

काकाजींचे गाव धामच्या काठी, पवनारच्या खालच्या अंगाला. धाम पुढे वेणेला मिळते, वेणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पवनारला नदीच्या खडकाळ पात्राशी विनोबांचा आश्रम आहे. 1938 साली विनोबा तेथे राहायला आले आणि 1959 साली तेथेच ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. गळ टाकायला आश्रम दिसणार नाही अशीच जागा हवी, हा आग्रह आमचा. काकाजी हसले. आश्रम दिसला नाही तरी पाणी त्याच नदीचे आहे, असे ते म्हणू शकले असते. पण बोलले नाहीत.

साहित्य अगदी साधे. बांबूची लवचीक काठी, तिला तंगूस, तंगुसाच्या टोकाला उलट्या काट्याचा गळ, वीतभर वर शिशाचा मणी आणि त्याच्याही वर तरंडा. तरंडा दुकानातून आणलेला नव्हता. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा होता. आमिष म्हणजे काठावरच्या ओल्या मातीतले गांडूळ. मोठ्या धरणांत सहकारी संस्था ठेका घेऊन कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. नदीतली मरळ, वाम, शिंगाडा हे मासे मात्र कोणी न सोडता वाढलेले. आषाढात पाणी गढूळ झाले की शिंगाडा गांडुळावर चांगला येतो, म्हणून आमचा श्रीगणेशा त्याच्यावरच.

पहिले दोन रविवार आम्ही केवळ गांडुळे वाटली. तरंडा जरा हलला की आम्ही काठी उचलत होतो आणि रिकामा गळ डोक्यावरून मागच्या बाभळीत जाऊन अडकत होता. काकाजी न रागावता तो सोडवून देत. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सर, घाई काऊन करता? तो आत्ता चाखून राह्यला. गियू द्या त्याले, मंग वढा."

आम्ही हा धडा आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा घेतला, म्हणजे गरजेपेक्षा जास्त घेतला. पुढच्या रविवारी तरंडा दोनदा थरथरला, मग तिरका सरकत पाण्याखाली गेला, आणि आम्ही थांबलो. अजून थांबलो. काठी उचलली तेव्हा हाताला जे कळले ते असे: आधी नाडीसारखे बारीक ठोके आणि मग एक सलग, जिवंत ओढ. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले होते.

मासा वीतभराचा शिंगाडा होता. मिशा, गुळगुळीत अंग, पाठीवर आणि कल्ल्यांमागे टोकदार काटे. आमचा बेत त्याला पाहून पुन्हा पाण्यात सोडण्याचा होता. पण आम्ही इतके थांबलो होतो की गळ पार पोटात उतरला होता. काकाजींनी मासा उलटा धरून पाहिला आणि मान हलवली. सोडला असता तरी तो जगला नसता. "आता मारला तं खावा लागते," एवढेच ते म्हणाले.

आमच्या मातोश्रींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे; आमच्या घरी मासा शिजत नाही आणि आम्हीही तोवर कधी खाल्ला नव्हता. पाण्यापाशी उभे राहून आम्ही अहिंसेविषयी जे काही वाचले होते ते सारे आठवून पाहिले. त्यातले काहीही त्या माशाच्या उपयोगाचे नव्हते. दुपारी काकाजींच्या ओट्यावर तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकर आम्ही खाली मान घालून खाल्ली. संध्याकाळी मातोश्रींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवस आमचे ताट मात्र वेगळे लागले.

आम्ही पुन्हा जाणार नव्हतो. भाद्रपदात काकाजींचा निरोप आला म्हणून गेलो. पाणी निवळले होते. काठच्या गवताशी, उथळ पाण्यात, ताटाएवढा तांबूस डाग हलत होता. जवळ जाऊन पाहिले तर ती शेकडो इवली पिल्ले, सगळी मिळून वर येत, श्वास घेत, पुन्हा खाली जात. मरळीची पिल्ले. मरळ हवेतूनही श्वास घेते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नरमादी त्यांच्या खाली राखण करतात. तेथे बेडूक लावून गळ टाकला तर राखणारी मरळ त्याच्यावर धावून येणार, हे आमच्यासारख्या नवख्यालाही समजत होते. भुकेने नव्हे, रागाने येणार. बाजारात मरळीला भाव चांगला. काकाजींच्या घरात पैशांची गरजही दिसत होती.

"थे पिल्लं हायेत," काकाजी म्हणाले. "मायबाप खाली हायेत त्याईचे. इथं गळ नाही टाकाचा."

"आणि उद्या?" आम्ही विचारले.

"उद्याबी नाही. राखनदार गेला तं बाकीचे मासे पिल्लाईले खाऊन टाकतात. मोठे होऊ द्या. मंग आपलेच हायेत."

त्यांच्या बोलण्यात करुणेचा शब्द नव्हता. उलट 'मंग आपलेच हायेत' यात पुढच्या वर्षीच्या रश्श्याचा स्पष्ट हिशेब होता. आश्रम दिसणार नाही अशी जागा शोधणारे आम्ही, आणि आश्रमाकडे पाठ किंवा तोंड करण्याची गरजच न पडलेले काकाजी, यांतला फरक आम्हांला त्या दिवशी दिसला. आमची अहिंसा मासा पोटात गळ घेऊन वर आल्यावर जागी झाली होती. त्यांचा नियम गळ पाण्यात पडण्याआधीचा होता. आयझॅक वॉल्टनने 1653 साली मासेमारीवर जो ग्रंथ लिहिला त्यात तिला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटले आहे. आम्ही तो विरंगुळाच मागायला गेलो होतो. ज्यांचे त्यावर पोट आहे त्यांच्याकडून कोठे थांबायचे ते शिकून आलो.

असो. आम्ही आजही नवखेच आहोत. पाच वेळांतून चार वेळा गांडूळच जाते. यंदा तो उतारा पुन्हा शिकवायला आला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले, तंगुसाचे एक टोक पुढच्या बाकावरच्या मुलीच्या बोटाला गुंडाळले, तिला डोळे मिटायला सांगितले आणि दुसरे टोक हलकेच ओढले. वर्ग हसला. तिने लगेच हात मागे घेतला. "अजून नाही," आम्ही म्हणालो आणि पुन्हा ओढले.