रातोरात? छे!

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीकडून आलं आणि मराठी हाऊस म्युझिक घरोघरच्या रील्समध्ये पोचलं. सगळे म्हणाले, रातोरात स्टार!

अमेरिकेतल्या ‘निर्वाणा’ या रॉक बँडबद्दलही लोक हेच म्हणाले. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी मायकल जॅक्सनला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं. पण बँड होता १९८७ चा. मधली वर्षं कोण मोजतं?

मला प्रश्न पडतो तो या मधल्या वर्षांचा. आपल्या पोरांनी ती काढायची कुठे? घरात ड्रम वाजवला की सोसायटीची नोटीस. जॅमरूमसाठी गिटार पाठीला लावून, गर्दीच्या लोकलने मुंबई गाठायची. माझ्या ओळखीच्या डोंबिवलीच्या एका पोराने शेवटी ड्रमसेट विकून टाकला. त्याच गल्लीत मिरवणुकीला डीजेची भिंत लागते, तेव्हा मात्र सगळे गप्प!

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांची नाट्यगृहं आहेत. नाटकांना ती हवीतच. पण सरावासाठी, आवाज बाहेर जाणार नाही अशी एक खोली परवडणाऱ्या भाड्यात द्यायला काय हरकत आहे? नगरसेवक मतं मागायला आले की विचारा.

नाव झाल्यावर शाल-श्रीफळ घेऊन सगळेच येतात हो.