क्लासच्या पोटातला इंटरफेस

क्लासच्या पोटात इंटरफेस लिहिलेला दिसला की माझं डोकं फिरायचं. मी स्विंगवर वाढलेला माणूस. तिथे ॲक्शनलिसनर, माउसलिसनर सगळे आपापल्या फाइलीत, एका पॅकेजात शिस्तीत बसलेले. त्यामुळे कोड रिव्ह्यूत ‘हा बाहेर काढा’ असा शेरा मी सर्रास मारत असे. आत लिहिणं म्हणजे नवी फाइल उघडायचा कंटाळा, दुसरं काय!

अँड्रॉइडच्या कोडमध्ये रोजचा वावर सुरू झाल्यावर हे मत हळूहळू सैल पडलं. बटण दाबल्यावर बोलावला जाणारा ऑनक्लिकलिसनर तिथे व्ह्यू या क्लासच्या आत असतो. डायलॉगइंटरफेसच्या आतही याच नावाचा दुसरा आहे. पहिल्याच्या ऑनक्लिक मेथडला दाबलेला व्ह्यू मिळतो, तर दुसऱ्याच्या मेथडला डायलॉग आणि कोणतं बटण दाबलं त्याचा आकडा. दोन्ही एकाच फाइलीत थेट इम्पोर्ट करायला जा, कंपायलर अडवतो. मग निमूटपणे ‘व्ह्यू.ऑनक्लिकलिसनर’ असं लिहायचं. आधी याचा वैताग यायचा. आता त्या मधल्या टिंबासाठीच मी भांडतो, कारण कॉलबॅक कोणाचा हे तिथेच कळतं. शिवाय आतला इंटरफेस आपोआप स्टॅटिक असतो, बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट त्याच्या गळ्यात पडत नाही.

2014 मध्ये जावा 8 बरोबर लॅम्डा आले तेव्हा वाटलं, चला, वादच मिटला. तयार फंक्शन, कन्झ्युमर असताना स्वतःचा इंटरफेस हवा कशाला? पण ऑनलाँगक्लिकलिसनर बघा. त्याची मेथड बूलियन परत करते. ट्रू म्हणजे ‘हे दाबणं मी हाताळलंय, बोट उचलल्यावर पुन्हा साधा क्लिक धरू नका’. तिथे नुसतं फंक्शन ठेवलं असतं तर हा ट्रू कसला, हे कोणाला कळलं असतं? इंटरफेस असला की खुलासा लिहायला हक्काची जागा मिळते. आणि त्यात एकच ॲब्स्ट्रॅक्ट मेथड असेल तर वापरणारा खुशाल लॅम्डा देऊ शकतो.

अर्थात, एकमेकांशी संबंध नसलेले चार क्लास तोच लिसनर वापरू लागले, तर ‘बाहेर काढा’ हा शेरा मी अजूनही देतो. आणि एखाद्याने क्लासला त्याच्याच पोटातला इंटरफेस इम्प्लिमेंट करायला लावला, तर मला बोलायची वेळच येत नाही. वारसा चक्राकार होतोय म्हणून कंपायलरच तो कोड परत पाठवतो.